काहीच आलं नाही, म्हणजे सगळं आलं

एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल्स लवकर कशा न्यायच्या, असं कुणी विचारलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं. पेन ड्राइव्ह लाव! मग तो लागतो, खिडकीत हिरवी पट्टी सरकायला लागते, 'सात मिनिटं उरली' असं दिसतं, चहा होऊन येईपर्यंत त्याची 'तीन तास उरले' झालेली असतात, आणि ९८ टक्क्यांवर कुठलीशी एक फाइल अडते. मग काय काय गेलं नि काय राहिलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

मी ही कामं काळ्या पडद्यावर, म्हणजे कमांड लाइनवर करतो. घरात ह्यावरून माझी थट्टा होते. "ह्याला माउस चावतो," असं आमची काकू म्हणायची. म्हणायची, असं भूतकाळात लिहिलंय त्याला कारण आहे. आता ती स्वतःच दर रविवारी काळा पडदा उघडते. ते कसं झालं ते सांगतो, पण आधी 'लवकर' म्हणजे काय ह्याबद्दल थोडं बोलायला हवं.

आपल्याला वाटतं वेग वायरमध्ये असतो. थोडाफार असतोच. हल्लीच्या बहुतेक कॉम्प्युटरांना जी गिगाबिट नेटवर्कची खाच असते तिच्यातून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जाऊ शकतात, प्रत्यक्षात ११० च्या आसपास. जुन्या १०० मेगाबिटच्या खाचेतून जेमतेम १२. पण गंमत बघा. एक जीबीचा एक सिनेमा दहा सेकंदांत जातो आणि तेवढ्याच एक जीबीचे वीस हजार लहान फोटो जायला कितीतरी जास्त वेळ लागतो. वायर तीच आणि वजनही तेच. मग वेळ जातो कुठे?

वेळ जातो विचारण्यात. पोतंभर हरभरे शेजारच्या घरी द्यायचेत आणि तुम्ही एकेक दाणा नेऊन देताय, प्रत्येक दाण्याला "पोचला का?" विचारताय, "पोचला" ऐकून परत येताय. तसं आहे हे. जुनं एससीपी असंच वागायचं. फाइलचं नाव सांगायचं, पलीकडचं 'हं' येईपर्यंत थांबायचं, फाइल पाठवायची, पुन्हा थांबायचं. घरातल्या घरात हे थांबणं जाणवत नाही. पण पुण्याहून अमेरिकेला एक हाक जाऊन उत्तर यायला साधारण पाव सेकंद लागतो. चाळीस हजार फाइल्सना एकेकदाच विचारलं तरी दहा हजार सेकंद होतात. पावणेतीन तास, आणि ते नुसते 'हं' ऐकण्यात! (२०२२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी आतून वेगळ्या पद्धतीनं चालतं, पण मुद्दा तोच.)

ह्यावरचा जुना इलाज म्हणजे टार. टेप आर्काइव्ह ह्याचं ते लघुरूप, १९७९ च्या सातव्या युनिक्सपासून आहे. सगळ्या फाइल्स एकामागे एक शिवून एकच सलग धागा करायचा. पूर्वी तो धागा चुंबकीय फितीवर जायचा. आपण तो फितीऐवजी उभ्या रेघेतून, म्हणजे पाइपमधून, सरळ दुसऱ्या कॉम्प्युटरकडे सोडायचा आणि तिकडच्या टारनं तो उसवायचा. मध्ये फाइल कुठेच तयार होत नाही. एकीकडे शिवण आणि दुसरीकडे उसवण एकाच वेळी चालू असते. धागा न्यायला एसएसएच वापरता येतं. वायर घरातलीच असेल, तिसरं कुणी ऐकणारं नसेल, तर नेटकॅटही चालतं. ते काहीच गुप्त ठेवत नाही, त्यामुळे त्याला कष्टही कमी.

हो, आणि दाबून पाठवण्याचा मोह टाळा. फोटो आणि एमपीथ्री आधीच दाबलेले असतात. त्यांना पुन्हा दाबायला गेलं तर प्रोसेसर घामाघूम होतो आणि वायर रिकामी बसते. नुसता मजकूर असेल आणि वाट हळू असेल, तरच दाबण्यात अर्थ आहे.

आता काकूकडे येतो. काका-काकू मिरजेला असतात. काका निवृत्त शिक्षक. त्यांना दोन नाद. जुन्या कागदांचे फोटो काढणं, आणि आवाज टिपून ठेवणं. २००६ ते २००९ ह्या तीन वर्षांत त्यांनी एका छोट्या रेकॉर्डरवर आजीचा आवाज टिपला. जात्यावरच्या ओव्या, कहाण्या, कोण कुणाचं कोण लागतं त्याच्या याद्या, मधूनच "बंद कर रे ते" असं ओरडणं. २१२ फाइल्स. आजी २०११ साली गेली. ते सगळं काकांच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये होतं, आणि फक्त तिथेच होतं. काकांची दृष्टी गेली काही वर्षं फारच अधू झालीये, त्यामुळे तो कॉम्प्युटर तसा नुसता उभाच असायचा.

गेल्या पावसाळ्यात काकूचा फोन आला. "अरे, तो डबा चालू केला की आतून टक् टक् आवाज येतोय. पाल चुकचुकल्यासारखा." तिनं फोन डब्याजवळ धरला आणि मीही ऐकला. हार्ड डिस्कचा तो आवाज ज्यानं एकदा ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही. मला मिरजेला जायला चार दिवस लागणार होते. डिस्क चार दिवस थांबेल ह्याची कुणी हमी देणार नव्हतं. अशा वेळी जाणकार आधी डीडीरेस्क्यू वापरून आख्ख्या डिस्कचीच प्रत काढून घेतात. पण त्यासाठी तेवढीच मोठी दुसरी रिकामी डिस्क हाताशी लागते, आणि ती घरात नव्हती. होता एक नवा लॅपटॉप. दोन्हींवर लिनक्स होतं, लॅपटॉपवर एसएसएचही होतं. घरचं इंटरनेट म्हणजे काकूच्या मोबाइलचा डेटा, तेव्हा पुण्यात बसून मी आत शिरावं अशी सोय नव्हती. म्हणजे डोळे तिचे, बोटं तिची आणि तोंड माझं!

इथे मला कमांड लाइनचा खरा गुण कळला. क्लिक फोनवरून सांगता येत नाही. "उजवीकडे वर एक चिन्ह दिसतंय का?" "कसलं चिन्ह?" "दात्यांचं चाक." "इथे तीन रेघा आहेत." असं अर्धा तास चालतं. पण एक ओळ अक्षर अक्षर सांगता येते. काकूनं आयुष्यभर शाळेत शुद्धलेखन घातलंय. तिला ओळ उतरवून घेणं म्हणजे काहीच नाही.

राउटरबरोबर आलेली एक निळी वायर होती. ती दोन्ही कॉम्प्युटरांना थेट जोडली. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये एकाला १०.०.०.१ आणि दुसऱ्याला १०.०.०.२ असे पत्ते दिले. (ह्याला मात्र क्लिक लागले आणि सगळ्यात जास्त वेळही ह्यालाच लागला.) मग म्हटलं, घे लिहून. आरसिंक. जागा सोड. आडवी छोटी रेघ. लहान ए, लहान व्ही, मोठा पी. जागा. मग आजीच्या फोल्डरचं नाव, काकांनी ते इंग्रजी अक्षरांत ठेवलंय तसंच. पुढे तिरकी रेघ नको. जागा. १०.०.०.२ आणि त्याला चिकटून दोन टिंबं.

"तिरकी रेघ का नको?"

कारण आरसिंकमध्ये ती रेघ दिली की फोल्डरच्या पोटातलं तेवढं जातं, न दिली की फोल्डरसकट जातं. आणि शेवटची दोन टिंबं सुटली तर आरसिंक आपल्याच मशीनवर '१०.०.०.२' नावाचा फोल्डर करून त्यात सगळं ओततं आणि आपण समजतो पोचलं. काकूला हे लगेच पटलं. अनुस्वार सुटला की अर्थ बदलतो, हे तिला काय सांगायचं!

मग टार का नाही? सलग पाठवण्यात टार आणि नेटकॅटचा हात धरणारं कुणी नाही. पण धागा मध्येच तुटला तर पुन्हा पहिल्या टाक्यापासून. आणि ही तर आजारी डिस्क. मला वेगानं धावणारं नको होतं, लवकर संपणारं हवं होतं. ह्या दोन गोष्टी एकच आहेत असं आपण धरून चालतो.

आरसिंक हे जून १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस ह्यांनी लोकांपुढे आणलं. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात, तिथल्या नॅशनल युनिव्हर्सिटीत काम करताना. वाटा हळू होत्या त्या काळातलं हे काम, म्हणून त्याचा सगळा विचार काटकसरीचा आहे. जे पलीकडे आहे ते पुन्हा पाठवायचंच नाही. आधी नुसता आकार आणि बदलल्याची वेळ बघायची, दोन्ही जुळलं तर ती फाइल सोडून पुढे. फाइल बदललेली असेल तर पलीकडच्या बाजूनं आपल्या जुन्या प्रतीचे तुकडे पाडून प्रत्येकाची एक छोटी बेरीज सांगायची, अलीकडच्यानं आपल्या प्रतीत त्या बेरजा कुठे जुळतात ते शोधायचं, आणि जुळत नाही तेवढाच भाग पाठवायचा. एकाच पोथीच्या दोन प्रती दोन गावांत असाव्यात, आणि पूर्ण पोथी न वाचता नुसत्या पानांच्या खुणा फोनवर सांगून फरक काढावा, तसं. शिवाय ते दर फाइलला थांबूनही राहत नाही. एकीची चौकशी चालू असतानाच दुसरी वाटेला लागलेली असते.

काकूनं एंटर दाबलं. पडद्यावर नावं धावायला लागली. काकांनी फाइल्सची नावं मराठीत दिली आहेत. ती ती वाचत होती. "नागपंचमी." "कोरेगावची आत्या." "जात्यावर, सकाळी." काका पलीकडून विचारत होते, "कुठपर्यंत आलं?" मग मध्येच सगळं थांबलं. टक् टक् वाढलं. खूप वेळानं पुन्हा सुरू झालं, आणि शेवटी इंग्रजीत एक ओळ आली की एक फाइल वाचता आली नाही. इनपुट-आउटपुट एरर. २११ आल्या, एक राहिली. नाव होतं 'दुसऱ्या दिवशी सकाळी'.

पेन ड्राइव्ह असता तर पहिला हिशेब हाच असता की राहिली ती नक्की कुठली. इथे नाव समोर होतं. डबा बंद करायला सांगितला, तासभर थंड होऊ दिला. मग पुन्हा चालू केला, वरचा बाण दाबला, तीच ओळ आली, एंटर. आरसिंकनं २११ फाइल्सना हातही लावला नाही, सरळ त्या एकीवर गेलं. नाही आली. आणखी एक तास. पुन्हा वरचा बाण, एंटर. ह्या वेळी आली!

काकू म्हणाली, "आता खात्री कशी करायची?" खरं तर आरसिंक पाठवलेली प्रत्येक फाइल पलीकडे बेरीज करून ताडून बघतंच. पण तिच्या जिवाला स्वस्थता हवी होती, आणि मलाही. म्हणून शा-२५६ घेतलं. कुठल्याही फाइलमधून ते चौसष्ट अक्षरांची एक खूण काढतं, फाइलमधला एक ठिपका बदलला तरी खूण पार वेगळी येते. जुन्या डब्यात २१२ खुणांची यादी केली, ती लॅपटॉपवर पाठवली, आणि तिकडे सांगितलं की यादीशी ताडून बघ आणि चूक असेल तरच बोल. तिनं एंटर दाबलं.

बराच वेळ फोनवर शांतता.

"अरे, काहीच आलं नाही."

"काहीच नाही?"

"नाही. नुसतं ते चौकोनी टिंब लुकलुकतंय."

"काकू, काहीच आलं नाही म्हणजे सगळं आलं."

युनिक्सवाल्यांची ही जुनी रीत. सगळं ठीक असेल तर गप्प बसायचं. मला ती नेहमी थोडी तुसडी वाटायची. त्या दिवशी नाही वाटली. पलीकडे काकूनं पहिलीच फाइल लावली. आजी कुणावर तरी ओरडत होती. काका काही बोलले नाहीत.

मग बाकीचे फोटो नि कागद, सगळे मिळून ६२ जीबी आणि एक्केचाळीस हजार फाइल्स, रात्रभर लावून ठेवले. नऊ फोटो वाचता आले नाहीत, त्यांची नावं आमच्याकडे आहेत. चौथ्या दिवशी मी पोचलो तेव्हा तो डबा चालू होत नव्हता. माझं काम एवढंच उरलं होतं की एक प्रत डिस्कवर घालून पुण्याला आणायची. जाता जाता एक हिशेब केला. एक टेराबाइटची डिस्क पिशवीत टाकून मिरज ते पुणे एसटीनं सहा तास धरले तर वेग पडतो सेकंदाला ४६ मेगाबाइट. वाईट नाही! पण वाटेत डिस्क पडली तर एसटी त्या एका फाइलपासून पुन्हा सुरू होत नाही.

पुण्याहून ती प्रत न्यू जर्सीला दादाकडे, म्हणजे काकांच्या मुलाकडे, आरसिंकनंच गेली. मध्ये आमच्याकडे वीज गेली, आल्यावर वरचा बाण आणि एंटर. पुढे दादानं मॅकवर काही रेकॉर्डिंगमधली खरखर काढली आणि फोल्डर परत पाठवला, तर मिरजेच्या लॅपटॉपवर 'दुसऱ्या दिवशी सकाळी' दोनदा दिसायला लागली! नावात काडीचा फरक नाही. ह्याचं मूळ आपल्या लाडक्या 'ऱ' मध्ये निघालं. युनिकोडमध्ये तो एका खुणेनंही लिहिता येतो आणि र अधिक खालचा नुक्ता असा दोन खुणांनीही. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क (दादाची तशी होती) नावांची अशी फोड करून ठेवते, लिनक्स जसं दिलं तसंच ठेवतं. डोळ्याला एक, यंत्राला दोन. 'तऱ्हा', 'कोऱ्या', 'बिचाऱ्या', सगळ्यांची तीच गत. २००८ सालच्या आरसिंक ३.० पासून ह्यासाठी आयकॉन्व्ह नावाचा पर्याय आहे, तो दिल्यावर जुळ्यांची एक झाली. २०१७ पासून मॅकवर एपीएफएस आलं, ते नाव दिलं तसं ठेवतं. आणखी एक, लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते. म्हणजे ८५ खुणा, काना-मात्रा धरून. काकांसारखी वाक्याएवढी नावं देत असाल तर सांभाळा.

ह्या सगळ्या वाटेवर आपला एक माणूस उभा आहे हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल न्यायचा एफटीपी हा नियम पहिल्यांदा लिहिला अभय भूषण ह्यांनी. कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, पुढे एमआयटीला गेले, आणि एप्रिल १९७१ मध्ये तो कागद निघाला. पन्नास वर्षं तो चालला. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनी तो काढून टाकला, कारण त्यात पासवर्ड उघडा जातो. उघड्या पासवर्डांचा त्रास आधीच ओळखून फिनलंडच्या टाटू इलोनेन ह्यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं, त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरले म्हणून. म्हणजे काकूच्या त्या एका ओळीत पन्नास वर्षांतल्या कितीतरी लोकांच्या अडचणी जमा आहेत.

ती ओळ आता काकूच्या वहीत आहे. एका बाजूला लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण, दुसऱ्या बाजूला आरसिंक. दर रविवारी ती लॅपटॉपवरून बाहेरच्या डिस्कवर प्रत घेते. मी तिला एक गोष्ट मात्र बजावून सांगितली आहे. आरसिंकचा 'डिलीट' हा पर्याय इकडे पुसलेलं तिकडेही पुसतो, तेव्हा तो कधी वापरायची वेळ आलीच तर आधी लहान एन घालून रंगीत तालीम घ्यायची. काय होईल ते सगळं दिसतं, होत काहीच नाही. तिनं ते लाल शाईनं लिहून ठेवलंय.

तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. टक् टक् सुरू व्हायची वाट बघू नका. आधी त्यातलं जे दुसरीकडे कुठेच नाही ते काढा, बाकीचं नंतर. आणि काय लिहायचं ते कळत नसेल तर फोन करा, मी सांगतो. वही-पेन घेऊन बसा म्हणजे झालं.